रॉकर ज्याच्या त्याच्या जागी

रॉकर आर्म हा इंजिनाच्या माथ्यावर, पत्र्याच्या झाकणाखाली बसणारा, वीतभरही लांबी नसलेला पोलादी दांडा. मधोमध त्याला शाफ्टचा टेकू असतो. खालच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरत वर आला की टॅपेट उचलला जातो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर करतो आणि दुसरे टोक व्हॉल्व्हचा दांडा दाबून तो उघडते. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात असे आठ रॉकर असतात आणि गाडी रस्त्याला लागली की त्यातला प्रत्येक जण मिनिटाला हजार-बाराशे वेळा खालीवर होतो. ही माळ खोलायला फार वेळ लागत नाही. मोजके नट सैल केले की शाफ्टसकट सगळे रॉकर हातात येतात. कसब लागते ते परत बांधताना. मोटार दुरुस्तीच्या धंद्यात हे कसब कसे आले, कसे मुरले आणि कोणत्या कारणांनी मागे पडले, याचा इतिहास साधारण शंभर वर्षांचा आहे. महाराष्ट्रात त्याची सुरुवात मुंबई बंदराच्या बाजूने झाली.

पहिल्या मोटारींपैकी बहुतेकींना रॉकर नव्हतेच. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात खपली. तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच, तोंड वर करून उभे होते. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फक्त टॅपेट. टॅपेट आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात ठेवायची फट कमीजास्त करणारा स्क्रूसुद्धा नव्हता. फट कमी पडली तर व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक कानशीने किंवा दगडावर घासायचे, एवढाच उपाय. हेड म्हणजे बोल्टांनी आवळलेले एक साधे झाकण, ते उचलायला कोणीही धजावे. त्या काळच्या गाड्यांचे मेकॅनिक पुष्कळदा लोहार-सुतारांच्या घरातून किंवा गिरणीच्या फिटर खात्यातून आलेले असत, आणि त्यांना या इंजिनात न कळण्यासारखे फार काही नव्हते.

व्हॉल्व्ह डोक्यावर नेण्याची कल्पना जुनी असली, तरी ती मोटारीच्या बाजारात रुजवली अमेरिकेतल्या ब्युइकने. डेव्हिड डनबर ब्युइकच्या कारखान्यातून १९०४ साली विक्रीला आलेल्या गाडीत असे इंजिन होते. पुढे शेवरोलेनेही हाच मार्ग धरला. फायदा सरळ होता. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बरोबर वर आले की जळण्याची जागा आटोपशीर होते, मिश्रणाला वळसा घालावा लागत नाही, कॉम्प्रेशन वाढवता येते आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. त्याची किंमत म्हणून भागांची संख्या वाढली. एका व्हॉल्व्हमागे एक पुशरॉड, एक रॉकर, एक ॲडजस्टिंग स्क्रू, एक चेकनट. शिवाय शाफ्ट, त्याचे स्टँड, मधल्या स्प्रिंगा आणि वॉशर. सुरुवातीच्या काही इंजिनांत तर हे सारे उघड्यावरच असे आणि तेलाची बुधली घेऊन हाताने थेंब सोडावे लागत.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. भारतातला तो अशा प्रकारचा पहिला कारखाना. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि इथे त्यांची गाडी होई. पुढच्याच वर्षी शेवरोलेने सहा सिलिंडरचे नवे इंजिन आणले. तेही डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले, म्हणजे बारा पुशरॉड आणि बारा रॉकर. फोर्डनेही पाठोपाठ मुंबईत जोडणी सुरू केली, पण तिची गाजलेली व्ही-आठ इंजिने शेजारी व्हॉल्व्ह असलेली होती. त्यामुळे तिसाव्या दशकातल्या मुंबईच्या गॅरेजांत दोन्ही तऱ्हा नांदत होत्या. शेवरोलेचे हेड खोलणाऱ्याला फोर्डवाल्यापेक्षा एक काम जास्त शिकावे लागे, आणि ते वारंवार करावेही लागे. त्या काळच्या पेट्रोलवर आणि इंजिनऑइलवर चालणाऱ्या इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हच्या मागे काजळी भराभर साचत असे. काही हजार मैलांनी हेड उतरवून ती खरवडणे आणि पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणे हा नेमाचा भाग होता. हेड उतरवायचे म्हणजे आधी रॉकर उतरवायचे आणि शेवटी तेच बसवायचे. म्हणून रॉकर बांधणे ही इंजिनाच्या आयुष्यातली एखादी मोठी शस्त्रक्रिया नव्हती. ती दर हंगामाची मजुरी होती, आणि नेमके त्यामुळेच तिच्यात निष्काळजीपणाही शिरत असे.

नव्या इंजिनात आठही रॉकर एकसारखे असतात. धावलेल्या इंजिनात नसतात. प्रत्येक रॉकरचे टोक आपल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर घासून तिथे आपल्यापुरता खळगा पाडते. पुशरॉडचे गोल टोक आपल्या वाटीत बसून तिला आपला आकार देते. टॅपेटचे तर याहून नाजूक. त्याचा तळ दिसतो सपाट, पण पुष्कळ इंजिनांत तो केसभर फुगीर असतो आणि त्याखालचा कॅम केसभर उतरता घासलेला असतो. त्या तिरकेपणामुळे टॅपेट चालताचालता स्वतःभोवतीही सावकाश फिरतो आणि झीज एका जागी न साठता पसरते. काही हजार मैलांत कॅम आणि टॅपेट यांची जोडी जमते. ती मोडून तिसऱ्या कॅमचा टॅपेट दुसऱ्यावर ठेवला, की चकचकीत पृष्ठभाग उखडायला लागतो आणि थोड्याच दिवसांत कॅमचे नाक खाल्ले जाते. रॉकरची अदलाबदल इतकी महागात पडत नाही, पण आवाज येतो, टोके नव्याने झिजतात आणि लावलेली फट टिकत नाही. म्हणून काढलेला भाग ज्याच्या त्याच्या जागी परत गेला पाहिजे, हा या कामातला पहिला नियम. दुरुस्तीच्या पुस्तकांनी तो छापला. गॅरेजांनी त्यासाठी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला आठ भोके पाडली, रेडिएटरच्या बाजूला खूण केली आणि पुशरॉड त्यात क्रमाने खोचून ठेवले. याहून सोयीचे साधन पुढे कोणी काढलेले नाही.

पुशरॉड काढण्यातही एक खुबी आहे. तेलाच्या चिकटपणामुळे तो खालच्या टॅपेटला धरून बसतो. सरळ वर ओढला तर टॅपेट अर्धवट उचलला जातो आणि सुटून कलंडतो. मग साइड कव्हर उघडण्याखेरीज गत्यंतर नसते. म्हणून आधी बोटांत धरून थोडा फिरवायचा, चिकटा तुटला की मगच अलगद वर घ्यायचा. बसवताना उलट: पुशरॉड खरोखर टॅपेटच्या वाटीत टेकला आहे की कडेवर अडकला आहे, हे हाताला कळले पाहिजे. कडेवर अडकलेला पुशरॉड शाफ्ट आवळताना वाकतो.

मुंबईतल्या जोडणीचा पहिला काळ १९५० नंतर लवकरच संपला. गाड्या नुसत्या जोडण्यापेक्षा त्या इथेच बनवाव्यात असे सरकारचे धोरण १९५३ मध्ये ठरले आणि जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. उरल्या त्या मोजक्या गाड्यांनी पुढची तीन दशके रस्ते व्यापले, आणि दुरुस्तीचे कसब मुरले ते त्यांच्यावर. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला आधी डॉज-प्लिमथसारख्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. त्यांची इंजिने शेजारी व्हॉल्व्ह असलेली होती. मग फियाट ११०० आली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. या इंजिनात पुशरॉड आणि रॉकर होते. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप जोडायला घेतली. तिचे पुढचे इंजिन तर दोन्ही घराण्यांचे निघाले. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये रॉकरखाली, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शेजारी. त्यामुळे एकाच इंजिनात फट दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी लावायची. वरची इनलेटची इंचाचे १८ सहस्रांश, बाजूच्या झाकणाआडची एक्झॉस्टची १६ सहस्रांश. वरची सोपी म्हणून ती लावून मोकळे होणारे आणि बाजूचे झाकण न उघडणारे मिस्त्री कमी नव्हते.

अँबेसेडरचे इंजिन मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, बी मालिकेतले, १४८९ सीसीचे. गाडी बंगालात उत्तरपाड्याला बनत असली तरी सरकारी कचेऱ्यांमुळे ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पोचली. तिच्यातल्या रॉकरची एक गोम जाणकारालाच ठाऊक असे. शाफ्टचे स्टँड ज्या आठ नटांनी धरलेले असतात, त्यांतले चार हेडचेही नट असतात. नुसता रॉकर शाफ्ट काढायचा म्हणून तेवढेच सैल केले, तर हेडवरचा दाब असमान होतो, गॅस्केट श्वास घेते आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा खाली तेलात उतरते. म्हणून रॉकरचे काम असले तरी आधी रेडिएटर रिकामा करायचा आणि हेडचे सगळे नट ठरल्या क्रमाने थोडेथोडे सैल करायचे. परत आवळतानाही तसेच, मधून कडेकडे, एका दमात नव्हे. आवळण्याच्या वेळी एक-दोन रॉकर नेहमीच उघड्या व्हॉल्व्हवर असतात आणि त्यांची स्प्रिंग शाफ्टला वर रेटत असते. एकच बाजू कचकचून आवळली की शाफ्टला बाक येतो.

फट लावण्याचा क्रम मात्र याच इंजिनाने सोपा केला. त्याच्या आठ व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी आहे: पहिला, चौथा, पाचवा, आठवा एक्झॉस्ट, उरलेले इनलेट. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे कॅम एकमेकांच्या बरोबर उलट्या तोंडाचे, दुसऱ्या-तिसऱ्याचेही तसेच. म्हणून आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट लावायची, सहावा उघडा असताना तिसऱ्याची, चौथा उघडा असताना पाचव्याची. दर वेळी बेरीज नऊ. कोणतीही खूण न शोधता, फ्लायव्हीलवरचे आकडे न पाहता, शिकाऊ पोराला हे अर्ध्या दिवसात जमते. पण ज्या इंजिनात इनलेट-एक्झॉस्ट एकाआड एक येतात तिथे हा हिशेब खोटा ठरतो, कारण नवाची जोडी तिथे इनलेटची एक्झॉस्टशी पडते. नियम पाठ आणि कारण अर्धवट, अशा हातांनी त्याच्यावर बरीच इंजिने चुकीची बांधली.

फट असावीच का, हे समजावणे मिस्त्रींना नेहमी अवघड गेले. गिऱ्हाइकाला आवाज नको असतो. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, आणि जागा सोडली नसेल तर व्हॉल्व्ह मिटूनही पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद तापतो आणि आपली उष्णता सीटवर टेकला असतानाच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जाते, गाडी ओढत नाही. उलट फट जास्त राहिली तर टकटक होते, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, झीज वाढते, पण लगेच काही जळत नाही. म्हणजे वाजणारा टॅपेट त्रासदायक, तर गप्प झालेला धोक्याचा. फट मोजणारी फीलर गेजची पट्टी जाताना किंचित ओढली गेली पाहिजे, अडता कामा नये, आणि चेकनट आवळताना स्क्रूही फिरतो म्हणून नंतर पुन्हा घालून पाहिली पाहिजे. पट्टीलाही फसवणारी एक जागा आहे. रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असला की सपाट पट्टी त्याच्या दोन कडांवर तरंगते. ती सांगते पंधरा, खरी फट वीस-बावीस. चांगला मिस्त्री आधी रॉकरचे टोक दगडावर नीट गोलाईत घासून घेतो, मगच पट्टी हातात धरतो.

गाड्या मिळत नव्हत्या म्हणून त्या टिकवल्या जात. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारा माणूस मिळालेली गाडी वीस वर्षे सोडत नसे, आणि तेवढ्या काळात इंजिन दोन-तीनदा बांधले जाई. परदेशी पुस्तकात जिथे भाग बदलावा असे लिहिलेले असे, तिथे कुर्ल्याच्या, पुण्यातल्या नाना पेठेच्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या लेथवर तो भरला आणि कातला जाई. रॉकरमधला झिजलेला बुश काढून गनमेटलचा नवा ठोकायचा, ही त्यातली रोजची गोष्ट. पण बुशाचे तेलाचे भोक रॉकरच्या भोकाशी जुळवावे लागते. ते चुकले की नवा बुश कोरडाच चालतो आणि जुन्याच्या आधी मरतो. शाफ्टचेही तसेच. पुशरॉड आणि स्प्रिंग दोन्ही रॉकरला वर ढकलत असल्यामुळे शाफ्ट झिजतो खालच्या अंगाने, आणि पुष्कळ इंजिनांत तेलाची भोके त्याच अंगाला ठेवलेली असतात. झिजलेला शाफ्ट अर्धा फिरवून बसवला की खडखड थांबते आणि गिऱ्हाईक खूश होते. तेलाची भोके मात्र ओझे नसलेल्या बाजूला जातात. हा उपाय किती महिने टिकणार, हे तो करणाऱ्याला माहीत असे.

मोटारींच्या बरोबरीने डिझेल इंजिनांचीही शाळा चालू होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्याला खडकीत सुरू झाली आणि पुढच्या काळात एक सिलिंडरची इंजिने विहिरींवर आणि नदीकाठच्या पंपांवर बसली. एकच सिलिंडर, दोनच रॉकर. जोडणी चुकण्याला वाव कमी आणि ती शिकायला जागा उत्तम. सुरू करताना कॉम्प्रेशन सोडण्यासाठी व्हॉल्व्ह दाबून धरणारी कळ असते, तिचीही फट राखावी लागते, एवढेच जास्तीचे. खेड्यातला पंपदुरुस्तीचा मिस्त्री याच इंजिनावर हात बसवून पुढे ट्रॅक्टर आणि ट्रककडे वळत असे. ट्रकच्या बाजूला टाटांनी १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून सहा सिलिंडरची डिझेल इंजिने आणली. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर धावली होती. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा आणि विभागोविभागीच्या कार्यशाळा यांमधून बसगाड्यांच्या देखभालीचे काम शिस्तीत आले. भाग क्रमाने मांडणे, टॉर्क रेंचने आवळणे, नोंदवहीत लिहिणे, ही सवय खासगी गॅरेजांपेक्षा तिथे लवकर लागली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था १९५० पासून आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून, या दोहोंनी त्या सवयीला अभ्यासक्रमाचे रूप दिले. तरी खासगी गॅरेजात पोराने आधी वर्षभर भाग डिझेलने धुवायचे, मग उस्तादाच्या हाताखाली पुशरॉड द्यायचे आणि पट्टी हातात यायला तिसरे वर्ष उजाडायचे, हा क्रम बराच काळ तसाच राहिला. धुणाऱ्या पोरानेच भागांचा क्रम बिघडवायचा, हेही त्याबरोबर चालत आले.

मोटारसायकलींत बुलेटच्या जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाचा उल्लेख आवश्यक आहे. तिचे दोन्ही रॉकर दोन तुकड्यांच्या ठोकळ्यात बसतात. वरची टोपी आणि खालचा भाग एकत्र जोडूनच आतले भोक कातलेले असते. एकाची टोपी दुसऱ्यावर गेली, की आवळताच रॉकर जाम होतो. इथे जोडी जमते ती चालून नव्हे, कारखान्यातच. अनेकांनी अशा वेळी भोक घासून मोठे केले आणि तेलाचा दाब घालवला.

मुंबईच्या टॅक्सींनी या कसबाला शेवटचा मोठा हंगाम दिला. १९९० नंतरच्या दशकात आणि पुढे त्या सीएनजीवर गेल्या. पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेल्या जुन्या इंजिनांत कोरड्या गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू रुततो. व्हॉल्व्ह वर सरकतो तशी रॉकरखालची फट आपोआप मिटत जाते, आणि आवाज वाढण्याऐवजी कमी होतो. चालकाला गाडी सुधारली असे वाटत असतानाच व्हॉल्व्ह जळत असतो. त्यामुळे पद्मिनीची टॅपेट तपासणी पेट्रोलच्या दिवसांपेक्षा जास्त वेळा करावी लागू लागली. शेवटच्या नोंदणीची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षे पुरी करून रस्त्यावरून उतरली.

तोवर मोटारींची रचनाच बदलली होती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये कॅमशाफ्ट हेडमध्येच होता. पुशरॉड गेले, पण रॉकर आणि स्क्रू राहिले. सुझुकीच्या पुढच्या काही इंजिनांत इनलेट आणि एक्झॉस्टचे रॉकर शाफ्ट वरवर सारखे दिसत असले तरी टोकाच्या पायरीने वेगळे ओळखायचे असत. पुशरॉडच्या पुठ्ठ्यावर वाढलेल्या हातांना ही नवी अडचण होती. नंतर हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर आले. त्यांचा मूळ वापर परदेशात जुना, कॅडिलॅकच्या १९३० सालच्या सोळा सिलिंडर इंजिनापासूनचा. तेलाच्या दाबाने फट शून्यावर राखणाऱ्या या भागाला पट्टी लागत नाही. अमेरिकी पुशरॉड इंजिनांत असे टॅपेट असले की पुशरॉड बोटांत फिरवत नट आवळायचा, तो जड लागला की तिथून इंजिनप्रमाणे अर्धा ते एक फेरा द्यायचा. सवयीने फट ठेवली तर इंजिन खडखडते, जास्त आवळले तर व्हॉल्व्ह उघडे राहून कॉम्प्रेशनच येत नाही. बंद ठेवलेल्या ॲडजस्टरमधले तेल निघून हवा शिरलेली असेल तर सुरुवातीचा आवाज काही मिनिटांनी आपोआप जातो. तो ऐकून घाईने परत हेड खोलणे ही संक्रमणकाळातली नेहमीची चूक ठरली.

मोठ्या डिझेल इंजिनांत स्क्रू आणि चेकनट टिकून आहेत. टाटांच्या ट्रकांत बसलेल्या कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनाची फट इनलेटला इंचाचे १० सहस्रांश आणि एक्झॉस्टला बरोबर दुप्पट, २०. बारा व्हॉल्व्हची ही फट क्रँक एकदा पहिल्या सिलिंडरच्या खुणेवर ठेवून अर्ध्यांची आणि एक पूर्ण फेरा देऊन उरलेल्यांची लावतात. ट्रॅक्टर आणि पंपाची इंजिनेही याच घराण्यातली. तिथे रॉकर बांधून झाल्यावर स्टार्टरला हात लावण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहण्याची जुनी रीत चालू आहे. कुठे अडले तर पुशरॉड वाटीबाहेर आहे किंवा स्क्रू जास्त आवळला गेला आहे, हे काही वाकण्याआधी कळते.